काळ्या घेराखालचं इरकल

लोक मला विचारतात, काकू, तुमच्याकडं यमाचा रेडा मिळतो का. रेडा मिळत नाही. यम मिळतो, मुकुट-पाश-गदेसकट. रेडा ज्याचा त्यानं बघायचा. देगलूरच्या एका गड्यानं यमाचा पोशाख नेला आणि रस्त्यातल्या खड्ड्यांच्या निषेधात दिवसभर उभा राहिला. पोशाख परत आला तेव्हा त्याला गुलाल लागलेला. बायांनी पाया पडून नारळ ठेवले, असं तो कौतुकानं सांगत होता. खड्डे अजून तिथंच आहेत.

आमचा धंदा कपडेपटाचा, म्हणजे नाटकाचे, गॅदरिंगचे, मिरवणुकीचे कपडे भाड्यानं द्यायचे. माझे मालक एका फिरत्या नाटक कंपनीत कपडे सांभाळायचे. कंपनी मोडली, नट पांगले, आणि पेटारे आमच्या घरी आले. नांदेडला वजिराबादेत दुकान टाकलं ते त्या पेटाऱ्यांच्या जिवावर. मालक गेल्यावर मी चालवलं, आता मुलगा चालवतो. संपादकांनी दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हटलं तेव्हा मुलगा म्हणाला, आई, तुझे अनुभव म्हणजे कुणी कपड्यावर काय सांडलं याची यादी. त्यात खोटं काही नाही. कपडा परत आला की त्याच्याकडं बघून मला कळतं नाटक कसं झालं ते. काखेत घाम असला तर नट घाबरला होता, गुडघ्याला माती असली तर रंगला होता, आणि कपडा जशाच्या तसा आला तर समजायचं, पडदा उघडलाच नाही.

धंद्याचा एकच नियम सांगते, कारण पुढं त्यावरच सगळं येतं. भाड्याच्या कपड्याला कात्री लावायची नाही. आज ज्या अंगरख्यात राजा म्हणून पैलवान घुसतो, त्यातच उद्या सहावीतलं पोरगं राजा होऊन उभं राहतं. म्हणून जास्तीचं कापड आत दुमडायचं आणि लांब लांब कच्च्या टाक्यांनी धरून ठेवायचं. प्रयोग झाला की दोरा ओढला, कपडा पुन्हा होता तसा. मालक म्हणायचे, कापलेला कपडा एकाचा होतो, दुमडलेला सगळ्यांचा राहतो. ते फार बोलत नसत, त्यामुळे जे बोलले ते लक्षात राहिलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. मुखेडकडचे एक गुरुजी रावणाचा संच घेऊन गेले आणि एसटीनं तसेच उलट आले. म्हणाले, बाई, डोकी नऊच दिलीत, फसवलंत. मी म्हटलं, गुरुजी, दहावं पोराचं स्वतःचं. ते बराच वेळ मनात मोजत उभे राहिले, मग चहा घेऊन गेले.

आता मूळ गोष्टीकडं येते. लातूरला जोगदंड सर म्हणून आहेत. कॉलेजात इंग्रजी शिकवतात आणि सुटीत नाटकं बसवतात. एके दिवशी दुकानात येऊन म्हणाले, काकू, यंदा फ्रेंच ऑपेरा करतोय. मला वाटलं, सरांचं डोकं उन्हानं तापलं असेल. पण त्यांनी नीट समजावून सांगितलं. यातलं सगळंच गाण्यात नसतं, मध्ये मध्ये साधं बोलणं असतं, म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखंच. हसवं आहे. एका जुन्या कादंबरीवरून घेतलेलं. त्यात एक तरणी विधवा आहे. काळा घेरदार झगा घालून तिनं घरात बसावं, असं सासरच्यांचं म्हणणं. आणि ती मुखवटा लावून नाचगाण्याला जाते. दोन जण तिच्या मागं लागतात, बरेच गोंधळ होतात, शेवटी ती एकाशी लग्न करते आणि सगळे मिळून गातात. सरांनी बोलणं मराठी केलं होतं, चाली आपल्या रागांवर बसवल्या होत्या. कपडे मात्र फ्रेंचच हवेत म्हणून अडून बसले.

माझा मुलगा म्हणाला, गाऊन तर आपल्याकडं ढीगभर आहेत. खरंय. आताशा नांदेडातली लग्नं ठरली की आधी फोटो काढायला जातात, त्यासाठी मागं हातभर लोळणारे गाऊन आम्हीच पुरवतो. भगतसिंगापेक्षा त्यांनाच मागणी जास्त. मला त्याचं वाईट वाटतं, पण दुकान त्यावरच चाललंय, त्यामुळे मोठ्यानं बोलत नाही. सरांनी ते गाऊन बघून नाक मुरडलं. त्यांना जुन्या काळातला हवा होता, कमरेखाली घंटेसारखा फुगलेला. आणि ज्या बाईला तो घालायचा होता तिनं एकच अट घातली होती, गळा बंद पाहिजे.

ती बाई म्हणजे महानंदा. लातूरला गोलाईच्या बाजारात अप्पांचं कापडाचं दुकान आहे, त्यांची सून. अप्पा लिंगायत, मूळचे उदगीरचे. आमच्या कपडेपटाचं अस्तर, मांजरपाट, सॅटिन सगळं त्यांच्याकडून यायचं. मालकांचा आणि त्यांचा जुना घरोबा. अप्पांचा मुलगा लग्नानंतर थोड्याच दिवसांत अपघातात गेला. महानंदा माहेरी गेली नाही. शाळेत संगीत शिकवते आणि सासू-सासऱ्यांजवळ राहते. त्या घरी तिचं कुंकू कुणी पुसलं नव्हतं, कपाळाला विभूती होती, गळ्यात लिंग होतं, तिला कुणी टाकून बोलत नव्हतं. पण माझं लक्ष कपड्यावर जातं. दुकानात रंगांचा नुसता सडा पडलेला आणि त्या दुकानाच्या सुनेच्या साड्या वर्षागणिक फिक्या होत गेलेल्या. राखी, बदामी, धुवट निळी. कुणी नेस म्हणून सांगितलं नव्हतं, आणि कुणी नेसू नको म्हणूनही सांगितलं नव्हतं.

मापं घ्यायला गेले तेव्हा मी तिला विचारलं, घरी चालतंय का हे नाटकाचं. ती म्हणाली, अप्पांना विचारलंय, ते हो म्हणालेत. मग टेप माझ्या हातात तशीच असताना खाली बघून म्हणाली, "काकू, घरात गायचं तर मी दार लावून घेते. कुणी लाव म्हनलं न्हाई, पर लावते. तालमीत पहिल्यांदा मोकळ्या गळ्यानं गायले, आन् माझा मलाच आवाज ओळखू येईना." मी तिचा दंड दोनदा मोजला.

झगा शिवणं अवघड नव्हतं, तो फुगवायचा कसा हा प्रश्न होता. वेत वाकवला की मोडतो, तार टोचते. माझा भाऊ मुखेडला शेती करतो, त्यानं हळदीच्या रानातली जुनी ठिबकची नळी दिली. हलकी, वाकते, सोडली की पुन्हा ताठ. मी तिची लहान-मोठी कडी केली, पट्ट्यांवर एकाखाली एक टाचली, वर काळं सॅटिन चढवलं. आमच्या दुकानात इतकी देखणी वस्तू त्याआधी झाली नव्हती. गळा बंद केला आणि आतून छातीशी एक लहानसा खिसा शिवला, लिंगाची डबी हलू नये म्हणून.

कपड्यासकट पहिली तालीम लातूरला. महानंदानं गिरकी घेतली आणि झग्यातून पाणी गळायला लागलं. नळी रानातून थेट आणलेली; आत चिखलाचं पाणी राहिलं होतं आणि नळीला तर ठरावीक अंतरावर भोकं असतातच. ती जिथं जिथं फिरली तिथं तिथं थेंबांची गोल रांगोळी. कोरसमधला एक जण म्हणाला, मॅडमचं रान भिजलं. सगळे हसले, महानंदाही हसली. तिला इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं. मग ती खुर्चीवर बसली, आणि मागचं कडं दबून पुढचा सगळा घेर उभा राहिला. आत सलवार होती, अंग काही दिसलं नाही. दिसल्या त्या नळ्या, आणि त्यांच्यावर छापलेलं कंपनीचं नाव. पण कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं आणि गंमत म्हणून पुढं पाठवलं.

गंमत उदगीरपर्यंत गेली. तिथं अप्पांची थोरली बहीण राहते, गिरिजक्का. तिच्यापर्यंत दोन गोष्टी एकदम पोचल्या, एक तो व्हिडिओ आणि दुसरी जोगदंड सरांची जाहिरात. सरांनी मोठ्या हुशारीनं छापलं होतं: एका बदनाम कादंबरीवर आधारित. त्यांना वाटलं, बदनाम म्हटलं की तिकिटं खपतील. शिकलेल्या माणसाचं असंच असतं, पॅरिसचं सगळं ठाऊक, उदगीरचं काही नाही. गिरिजक्कानं भावाला फोन करून सांगितलं की, नवरा गेलेली सून घाणेरड्या पुस्तकातली बाई होऊन चारचौघांत झगा उडवते आहे आणि तू दुकानात गादीवर बसून राहिलास.

सर घाबरून मला फोन करायला लागले. दुसरी गाणारी बाई नव्हती. महानंदा नसेल तर नाटकच नव्हतं. मग तिचाही फोन आला. आवाज अगदी साधा. "अप्पा न्हाई म्हनले न्हाईत. हाव बी म्हनले न्हाईत. जेवताना बोलतच न्हाईत, काकू. त्यांनी नको म्हनलं तर मी जानार न्हाई. पर मग मी परत दार लावूनच गायचं, न्हाई का?" मी म्हटलं, थांब, बघू. दुसरं काय म्हणणार? नळी माझी, कडी माझी, आणि बोलणी ती खात होती.

काही दिवसांनी सकाळी अप्पा दुकानात उभे. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कपाळाला विभूतीचे पट्टे. एसटीनं एकटेच आले होते. मुलाला मी मागं पाठवलं. अप्पांनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाले. मग म्हणाले, "वैनी, ते कापड दाव."

मी झगा काढून टेबलावर ठेवला. कापडवाला माणूस कपडा बघतो तो डोळ्यांनी नाही, बोटांनी. त्यांनी सॅटिन अंगठ्याखाली चोळून बघितलं, आपल्याच दुकानचं म्हणाले. शिवण उलटी करून बघितली. गळा बघितला. आतला खिसा त्यांच्या बोटाला लागला, हे काय म्हणून विचारलं. मी सांगितलं, लिंगासाठी आहे. त्यांचा हात तिथंच राहिला. मग मी न विचारताच सांगून टाकलं की नळ्या आता उन्हात सुकवल्या आहेत, आणि बसताना मागचं कडं हातानं उचलून बसायचं असतं, म्हणजे पुढचं उठत नाही. ही अक्कल मला व्हिडिओनंतर आली. अप्पांनी मान हलवली.

"आता गोष्ट सांग," ते म्हणाले. "समदी सांग. जोगदंडाला इचारलं तर त्यो इंग्रजीत शिरतो."

मी सांगितली. विधवा, काळा झगा, मुखवटा, दोघं जण, गोंधळ, शेवटी लग्न.

"आन् त्या पुस्तकात?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं. पण या माणसानं आमच्या दुकानाला कधी हलकं अस्तर दिलं नव्हतं. मी सरांनी सांगितलं होतं तेच सांगितलं. पुस्तकात ती कुणाशीच लग्न करत नाही. मनाला येईल तसं राहते, आणि लिहिणाऱ्यानं तिला शेवटी काहीच शिक्षा दिलेली नाही, ना रोग, ना मरण. ती मजेत असतानाच पुस्तक संपतं. त्यावरून तिकडं पाद्र्यांनी गदारोळ केला. मग नाटकवाल्यांनी लग्न लावून गोष्ट सारखी केली.

अप्पांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. "म्हंजी," ते म्हणाले, "बाई सुखात राहिली म्हनून लोकायनं बोंब मारली."

"हाव, अप्पा."

"मंग त्याला फ्रान्स कशाला पायजे."

उठताना त्यांनी विचारलं, शेवटच्या गाण्यालाही काळंच आहे का. मी म्हटलं, नाही, तिथं काळा घेर गळून पडायचा आहे आणि आत रंगीत दिसायला हवं, पण तसं काही माझ्याकडं नाही. लाल शाल टाकून भागवणार आहे. त्यांनी शाल बघायला मागितली, बघितली, आणि ठेवून दिली. नाटक होऊ द्या की बंद करा, काहीच न सांगता ते बसस्टँडकडं निघून गेले.

दोन-तीन दिवसांनी लातूरच्या गाडीनं एक पुडकं आलं. आत इरकल साडी होती, गर्द हिरवी, लाल पदराची, हातमागाची. दुकानातला माल नव्हता तो. दुकानातल्या साडीला चिठ्ठी असते, पुठ्ठा असतो. हिला घरच्या कपाटाची घडी होती आणि डांबरगोळ्यांचा वास होता. पाठोपाठ अप्पांचा फोन. "वैनी, त्याला कात्री लावू नको."

मी म्हटलं, "अप्पा, आमच्यात लावतच न्हाईत."

महानंदा माप द्यायला आली. साडी बघितली आणि मटकन खाली बसली. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला अप्पांनी ती तिच्यासाठी आणली होती. पंचमीच्या आधीच तो अपघात झाला. साडी नेसायची राहून गेली आणि नंतर कुणी तिचं नावही काढलं नाही. तिला वाटलं होतं, देऊन टाकली असेल कुणाला तरी. ती रडली, मी रडले, मुलगा मागून म्हणाला, सॅटिनवर पाणी पाडू नका.

सहा वार साडी न कापता झग्यात बसवायची म्हणजे कष्टच. सगळी लांबी चुण्या घालून कमरेभोवती घेतली, पदर वर आणून दोन्ही खांद्यांवरून अंगाला लपेटला, आणि सगळं कच्च्या टाक्यांनी धरलं. नेम धरून सुई घालायची, धागा तुटता कामा नये. त्यावर काळा झगा, गळ्यापासून घेरापर्यंत नुसत्या नाडीवर. नाडी ओढली की खाली.

प्रयोगाला नाट्यगृह बऱ्यापैकी भरलं होतं. बदनाम म्हणून आलेले बरेच होते, ते मध्यंतरापर्यंत बदनामीची वाट बघत बसले. मी विंगेत उभी. दुसऱ्या रांगेत अप्पा, शेजारी गिरिजक्का. अप्पांनी तिला मुद्दाम उदगीरहून आणवलं होतं. ती पदर तोंडाला लावून बसली होती, शिंकेला धरावा तसा.

नाटकाबद्दल काय सांगू? नायक दोन ठिकाणी बेसूर झाला, मुखवटा एकदा पडला. महानंदा बसायच्या वेळी मागचं कडं इतक्या ऐटीत उचलायची की लोकांना तो अभिनयच वाटला. आणि ती गायला लागली की कोरससुद्धा आपलं गायचं विसरून ऐकत राहायचा. शेवटच्या गाण्यात तिनं नाडी ओढली. काळं सॅटिन खाली आलं आणि आतून हिरवं इरकल दिव्यात उभं राहिलं. सभागृह गप्प झालं. त्या शांततेत गिरिजक्काचा आवाज विंगेपर्यंत ऐकू आला, "अगं बाई, हे तर इरकल हाय." लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि महानंदानं पुढची ओळ त्या टाळ्यांवरून उचलली. मी अप्पांकडं बघितलं. ते टाळ्या वाजवत नव्हते. पुढं वाकून काठ सरळ पडलाय का ते बघत होते.

प्रयोग संपल्यावर ते आत आले. महानंदा त्यांच्या पाया पडली. तिला ते एवढंच म्हणाले की, आता घरात दार लावायची गरज नाही, आम्हाला पण ऐकू दे. मग माझ्याकडं वळले.

"कापलं न्हाईस ना?"

"न्हाई."

"मंग टाके काढून साडी वापस दे. घाई न्हाई. पर नीट काढ."

मी नीट काढले. दोरे गेले, साडी पुन्हा साडी झाली, पण हातमागाच्या कापडावर सुईच्या भोकांच्या रांगा राहिल्या, काठाला आणि खांद्यापाशी. मला ते लागलं. साडी देताना मी अप्पांना म्हटलं, एकदा पाण्यात गेली की धागे सरकतील, भोकं बुजतील. ते म्हणाले, मला ठाऊक हाय. मी कुणाला काय सांगतेय ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

त्या नाटकाचा दुसरा प्रयोग लाल शालीवर भागवून नांदेडला झाला, तिसरा झाला नाही. नळीची कडी भावानं परत मागितली, ती सरळ करून पुन्हा रानात गेली. जोगदंड सर आता काहीतरी जर्मन करायचं म्हणतात.

पुढच्या वर्षी अप्पांचं आमंत्रण आलं. शिरूर अनंतपाळच्या एका मास्तरांशी महानंदाचं लग्न. मास्तरांची बायको गेलेली, माणूस शांत. आमच्या नाटकातल्या नायकाचा इथं काही संबंध नाही, वाचकांनी उगाच तर्क करू नये. स्थळ अप्पांनीच शोधलं होतं. महानंदाला त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, आणि तिनं अट घातली की गाणं सुटणार नाही. मास्तर म्हणाले, मी तर तिकीट काढून ऐकलंय. तेव्हा ती हो म्हणाली.

लग्न मास्तरांच्या गावी, साधंच. मुलीच्या बापाच्या जागी अप्पा उभे होते. गिरिजक्का सगळ्यांना वाढत होती आणि हे सगळं आपल्यामुळेच जुळलं असं सांगत होती. महानंदानं ते हिरवं इरकल नेसलं होतं. अक्षता टाकायला मी तिच्या मागं उभी होते, आणि सवयीनं माझी नजर खांद्यावर गेली.

भोकांची रांग जशीच्या तशी होती. एकही बुजलं नव्हतं. ठाऊक असूनही अप्पांनी साडी वर्षभरात पाण्यात जाऊ दिली नव्हती.